विचारा तर खरं! या महिन्यात: बर्माशेल

मागच्या अंकात बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या इमारतींवर लेख आला होता, त्यात एका ओळीत ‘पूर्वीचं बर्माशेल हाऊस’ असा उल्लेख होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॅप मेसेज आले की संपादक म्हणाले या महिन्याचा अख्खा कॉलम बर्माशेल या जुन्या तेल कंपनीलाच द्या. कुणाला त्यावरून आजीचा डबा आठवला, कुणाला स्वयंपाकघरातला पहिला गॅस, एका विद्यार्थ्याला तर कोर्टाचा निकाल. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं पत्र आलं नाही त्यांनी राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही चेंबूरचे, आमच्याकडे शेल कॉलनी आहे. पुण्याला नणंदेकडे जाते तर तिथे लोहगावला विमानतळाच्या बाजूला एका वस्तीलाच ‘बर्माशेल’ म्हणतात. पण या नावाचा पेट्रोल पंप काही कुठे दिसत नाही. ही कंपनी नक्की होती तरी कोणाची, बर्माची का इंग्रजांची? (चेंबूर)

उत्तर: दोन कंपन्यांचं जोडनाव आहे हे. पहिली बर्मा ऑइल. ती १८८६ साली ग्लासगोला स्थापन झाली, म्हणजे मालक स्कॉटिश आणि तेल ब्रह्मदेशातलं. इरावतीच्या काठी येनानजाँग म्हणून गाव आहे, तिथे स्थानिक लोक इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून हाताने विहिरी खणून तेल काढायचे, त्याच भागात कंपनीने यंत्रं लावली, रंगूनजवळ सिरियमला रिफायनरी टाकली आणि रॉकेल जहाजाने आपल्याकडे पाठवायला लागली. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश इंडियाचाच भाग होता त्यामुळे हे घरचंच तेल धरलं जायचं.

दुसरी शेल. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मार्कस सॅम्युअल नावाच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं, तो पूर्वेकडून शोभेच्या वस्तू आणि समुद्रातले शिंपले मागवायचा, शिंपले चिकटवलेल्या छोट्या पेट्या तेव्हा इंग्रज बायकांमध्ये भलत्याच फॅशनमध्ये होत्या. त्याची मुलं, त्यातला एक पुन्हा मार्कसच, पुढे रॉकेलच्या धंद्यात उतरली. १८९१ मध्ये त्यांनी पूर्वेकडे जाणाऱ्या रॉकेलला ‘शेल’ नाव दिलं, १८९७ मध्ये कंपनीलाच ते नाव लागलं आणि १९०७ मध्ये ती डच कंपनीबरोबर ६०-४० च्या हिश्शात एक झाली, साठ डचांचे आणि चाळीस यांचे.

आता या दोघी एकत्र कशा आल्या. १९२७ साली अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यूयॉर्कने रशियाचं स्वस्त रॉकेल घेऊन हिंदुस्थानात विकायला सुरुवात केली. शेलच्या प्रमुखांना, हेन्री डेटर्डिंगना, ते अजिबात खपलं नाही आणि त्यांनी इथेच भाव पाडायला सुरुवात केली. दोन परदेशी हत्तींची झुंज आपल्या बाजारात लागली आणि मध्ये अडकली बर्मा ऑइल, कारण तिचं सगळं गिऱ्हाईक इथलंच. त्या धामधुमीतच १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेलने भारतातला साठवणुकीचा आणि विक्रीचा धंदा एकत्र केला, तीच आपली बर्माशेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या अखनाकॅरी वाड्यात जगातल्या मोठ्या तेल कंपन्यांचे प्रमुख शिकारीच्या निमित्ताने जमले आणि त्यांनी बाजार आपसात वाटून घ्यायचं ठरवलं. आपल्याकडच्या भावयुद्धाचाही त्यात हात होता हे आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवं असं मला फार वाटतं.

पंप दिसत नाहीत कारण १९७६ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. पुढे त्याबद्दल आहेच.

प्रश्न: शिंपल्याचं चिन्ह पण त्या दुकानावरूनच का? (डोंबिवली)

उत्तर: नाव दुकानावरून, चिन्हाची गोष्ट जरा वेगळी आहे आणि त्यात भारत आहे. १९०१ मध्ये पहिलं चिन्ह होतं ते लांबट शिंपल्याचं, १९०४ मध्ये पंख्यासारखा रेघारेघांचा शिंपला आला. तेव्हा भारतात सॅम्युअलचं रॉकेल ग्रॅहम नावाचे एक व्यापारी आणायचे आणि ‘ग्रॅहम्स ऑइल’ म्हणून विकायचे, ते पुढे शेलचे डायरेक्टर झाले. त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हात हा शिंपला होता, पूर्वज स्पेनमध्ये सेंट जेम्सच्या यात्रेला जाऊन आले म्हणून, शिंपला ही त्या यात्रेचीच खूण. शेल कंपनी स्वतःच्या इतिहासात चिन्हाचं मूळ तिथेच धरते.

प्रश्न: आमच्या आजीकडे माजघरात ज्वारीचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, त्यावर शिंपला दिसायचा, आम्ही त्याला बर्माशेलचा डबाच म्हणायचो. रॉकेलच्या डब्यात लोक धान्य ठेवायचे? वास नाही यायचा? आणि घरोघरी हे डबे आले कुठून एवढे? (सांगली)

उत्तर: या पत्राने मला फार आनंद झाला, कारण बर्माशेल म्हटलं की लोक रिफायनरीबद्दल बोलतात आणि खरी गोष्ट डब्याची आहे.

जरा मागे जाऊ. १८९० च्या आधी पूर्वेकडे रॉकेल यायचं ते अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचं, निळ्या डब्यांत. चार गॅलनचा डबा, म्हणजे साधारण १८ लिटर, असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. मार्कस सॅम्युअलने ठरवलं की डबे आणि खोकी वाहून नेण्यात पैसा जातो, त्यापेक्षा अख्खं जहाजच टाकी करायचं. म्हणून ‘म्युरेक्स’ हे जहाज बांधलं, तेही शिंपल्याचंच नाव, आणि २४ ऑगस्ट १८९२ ला ते काळ्या समुद्रावरच्या बाटूमचं रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून गेलं, सुएझमधून गेलेलं ते पहिलं तेलाचं टाकीजहाज. हिशोब असा होता की बंदरात मोठ्या टाकीत रॉकेल साठवायचं आणि लोक आपापली भांडी घेऊन येतील.

लोक आलेच नाहीत. कारण लोकांना रॉकेलइतकाच डबाही हवा होता. निळ्या डब्यांच्या पत्र्यापासून आशियाभर घराची छपरं, पक्ष्यांचे पिंजरे, चहाच्या गाळण्या काय काय बनायचं, त्यावर कारागिरांची पोटं चालत होती. एवढा हुशार व्यापारी पण गिऱ्हाइकाच्या घरात डब्याचं काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. मग घाईघाईने पत्रा जहाजाने रवाना केला, जागोजाग डबे बनवायची सोय केली आणि डबे रंगवले लालभडक. ते नवे कोरे लाल डबे निळ्यांपेक्षा उठून दिसायचे आणि लोकांनी ते उचलले. म्हणजे शेलचं नाव पूर्वेकडे रुजलं त्यात रॉकेलाइतकाच रिकाम्या डब्याचाही वाटा आहे असं मी म्हणेन.

आपल्याकडे बर्माशेलचा माल चार गॅलनच्या आणि एक गॅलनच्या डब्यांत रेल्वेने, बैलगाडीने, गलबताने गावोगाव जायचा, कोकणात तर बंदराबंदरात गलबतानेच. वाण्याकडे डबा फोडला की रॉकेल मापाने सुटं विकलं जायचं आणि रिकामा डबा वेगळ्या किमतीला जायचा. तो घरी आला की काय व्हायचं ते बघा. वरचं झाकण छिन्नीने कापून काढायचं, कापलेला काठ हाताला लागू नये म्हणून हातोडीने आत वळवायचा, मग तोंडावर आडवा लाकडी दांडा बसवून दोन्हीकडून खिळे मारायचे, झाला पाण्याचा डबा. असे दोन डबे बांबूला अडकवले की कावड. तळाला भोक पडलं तर कथलाचा डाग देऊन घ्यायचा. गळायला लागला आणि डागही टिकेना की माती भरून तुळस लावायची नाहीतर शेताच्या माळ्यावर न्यायचा, ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलायला बडवायला. अगदीच चिंध्या झाल्या तर कापून सपाट करायचा आणि झोपडीच्या कुडाला ठोकायचा. एक गॅलनच्या डब्याचं टमरेल व्हायचं. उरल्यासुरल्या पत्र्याची वात घालायची चिमणी, म्हणजे त्यातच पुन्हा रॉकेल, तेही बर्माशेलचंच.

वासाचं विचारलंत. आधी उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवायचे, मग राखेने घासायचे, गरम पाणी आणि सोड्याने धुवायचे आणि पुन्हा ऊन. तरी लगेच धान्य नाही भरायचे, आधी पाण्याला किंवा गुरांच्या आंबोणाला वापरून वास पूर्ण मोडला की मगच धान्य. कोणीही आता हे करून बघू नका हां, रॉकेल पोटात जाणं चांगलं नाही, तेव्हा दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून चालायचं. आज किराणा दुकानात गोडेतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा मिळतो ना, तो याच घाटाचा.

प्रश्न: माझ्या सासूबाई (वय ८६) गॅस संपला की अजून म्हणतात ‘बर्शेन संपलं’. मुलं हसतात. हे बर्शेन म्हणजे काय हो ताई? (दादर)

उत्तर: मुलांना सांगा हसू नका, आजी अगदी बरोबर बोलताहेत. बर्शेन हे बर्माशेलच्या स्वयंपाकाच्या गॅसचं ब्रँडनेम होतं. माहुलची बर्माशेल रिफायनरी ३० जानेवारी १९५५ ला सुरू झाली आणि त्याच सुमारास, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, मुंबईच्या घरांमध्ये सिलिंडर यायला लागले. कच्चं तेल शुद्ध करताना प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू निघतात, ते दाबाखाली पातळ होतात आणि तसेच सिलिंडरमध्ये भरतात, रेग्युलेटर उघडला की पुन्हा वायू. मुळात त्याला वास नसतो, गळती कळावी म्हणून मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन घालतात, तो वास.

त्याआधी काय होतं ते सासूबाईंनाच विचारा आणि जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. स्टोव्हला पंप मारा, पिन घाला, भडका उडाला की भीती, भांड्यांना काजळी, नाहीतर कोळशाची शेगडी. चाळीच्या एका खोलीत दिवसभर धूर खाणाऱ्या बाईला काडी ओढली की निळी ज्योत मिळाली, त्या दिवशी घरात आलेलं नाव ती विसरेल कशी? एस्सो कंपनीचाही गॅस होता, ज्यांच्याकडे तो होता ती माणसं ‘एस्सो गॅस’ म्हणायची. सरकारीकरणानंतर बर्शेनचं भारत गॅस झालं आणि एस्सोचं एचपी. इंडेन मात्र पहिल्यापासून सरकारी इंडियन ऑइलचा, तो १९६५ पासून. आणि गंमत बघा, सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात बर्शेन नावाची एलपीजी कंपनी अजून आहे, तिच्या नावात मध्ये काही काळ शेल आलं आणि मग पुन्हा जुनं बर्शेनच लागलं.

प्रश्न: माझ्या मुलाचा सातवीचा प्रोजेक्ट आहे, जेआरडी टाटांचं पहिलं विमान. आजोबा म्हणतात त्यात पेट्रोल बर्माशेलचं होतं. खरं आहे का? प्लीज लवकर सांगा. (नाशिक)

उत्तर: शंभर टक्के खरं. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, एक इंजिनाचं पुस मॉथ विमान, बरोबर कोणी नाही, रेडिओसुद्धा नाही. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले आणि तिथे बर्माशेलचं पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार गॅलनच्या डब्यांत. डबे हातांनी उचलून विमानात ओतले. मग दुपारी एक पन्नासला जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

प्रोजेक्टमध्ये मुलाला त्या बैलगाडीचं चित्र नक्की काढायला सांगा. आपल्या देशात विमान वाहतूक सुरू झाली तेव्हा धावपट्टीवर बैल उभे होते, हे त्याला जितकं आत्ता कळेल तितकं पुढे कुठल्या पुस्तकातून कळणार नाही. तीस वर्षांनी १९६२ मध्ये जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला तेव्हाही इंधन बर्माशेलनेच दिलं. १९८२ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी परत केला, तोपर्यंत कंपनीचं नाव बदललेलं होतं.

प्रश्न: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी जकातीच्या टॉपिकला ‘बर्माशेल विरुद्ध बेळगाव नगरपालिका’ सांगितली पण पुढे पळाले. एक तेल कंपनी आणि जकात, याचं एवढं महत्त्व का? आता तर जकातही नाही. (बेळगाव)

उत्तर: तुमच्याच गावची केस आहे, सरांनी थांबायला हवं होतं! निकाल साठच्या दशकाच्या सुरुवातीचा, सुप्रीम कोर्टाचा. बर्माशेलचा बेळगावात डेपो होता. माल हद्दीत आला की त्यातला काही कंपनी स्वतः वापरायची, काही गावात गिऱ्हाइकांना विकायची आणि काही तिथून परत हद्दीबाहेर पाठवायची. नगरपालिकेचं म्हणणं, हद्दीत आला ना, मग सगळ्यावर जकात. कंपनीचं म्हणणं, जे इथे जळतच नाही त्यावर कसली जकात. कोर्टाने मधली रेघ ओढली. जो माल कंपनीने स्वतः वापरला किंवा हद्दीत शेवटच्या गिऱ्हाइकाला विकला त्यावर जकात लागणार, मग त्या गिऱ्हाइकाने टाकी फुल करून गाडी कोल्हापूरला नेली तरी चालेल. पण जो माल कंपनी पुन्हा बाहेर पाठवते त्यावर नाही. पुढे कितीतरी वर्षं देशभरच्या जकात नाक्यांवरचे वाद या निकालाचा आधार घेऊन लढले गेले. जकात गेली, मुंबईतली शेवटची २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर, पण ‘वापरासाठी किंवा विक्रीसाठी हद्दीत आणणे’ याचा अर्थ काय हे शिकायला आजही हीच केस चांगली.

आणि तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात म्हणून अजून एक सांगते. १९७६ मध्ये बर्माशेल ताब्यात घ्यायला संसदेने जो कायदा केला त्याच्या नावातच बर्माशेल आहे. २००३ साली सरकारने भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियममधला हिस्सा विकायला काढला तेव्हा १६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्ट म्हणालं, या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारकडे आल्या आहेत, तो कायदा बदलल्याशिवाय विकता येणार नाहीत. कंपनी जाऊन २७ वर्षं झाली होती आणि तिच्या नावाच्या कायद्याने विक्री थांबवली. मग २०१६ मध्ये जुने कायदे मोडीत काढताना तोही रद्द झाला. २०१९ मध्ये विक्रीचा निर्णय पुन्हा झाला आणि मे २०२२ मध्ये खरेदीदारच नीट मिळेनात म्हणून तो मागे घेतला. ही दोन्ही टोकं जोडून सेमिनार करा, सरांना आवडेल.

प्रश्न: तुमच्या लेखाचा सूर कौतुकाचा होता म्हणून लिहितो. ही साम्राज्यवादी कंपनी होती. इथला पैसा लंडनला नेला. तिच्या आठवणी कशाला जपायच्या? (ठाणे)

उत्तर: काका, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो या कॉलमात यायलाच हवा होता. १९६० सालची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. रशिया आपल्याला स्वस्तात कच्चं तेल द्यायला तयार होता, परकीय चलनाची तंगी होती, केशवदेव मालवीय तेलमंत्री होते. सरकारने बर्माशेल, एस्सो आणि कॅल्टेक्सला सांगितलं की तुमच्या रिफायनरीत हे तेल शुद्ध करून द्या. तिघींनी नाही म्हटलं. रिफायनरी आपल्या जमिनीवर, कामगार आपले, गिऱ्हाईक आपलं आणि कुठलं तेल आत जायचं हे ठरवणार लंडन-न्यूयॉर्क. सरकारी इंडियन ऑइलला पाठबळ का मिळालं ते यावरून कळतं. मग १९७३ चा तेलाचा भडका, १९७४ मध्ये एस्सो सरकारकडे आली, २४ जानेवारी १९७६ ला बर्माशेल, त्या वर्षाच्या शेवटी कॅल्टेक्स. बर्माशेलचं आधी भारत रिफायनरीज झालं आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम. जे झालं ते योग्यच झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आठवणी मी कंपनीच्या जपत नाहीये हो. डब्याला दांडा ठोकणारा सुतार, डाग देणारा कारागीर, अहमदाबादचा तो गाडीवान, बर्शेनवर पहिला भात लावणारी बाई, यांची नोंद कुठल्याही कंपनीच्या फायलीत नाही. ती शोधायला गेलं की वाटेत हेच एक नाव सापडतं, म्हणून ते धरून ठेवायचं. आणि डबा पत्र्याचा असला तरी त्याचे दहा उपयोग शोधले ते आपल्या लोकांनी, त्यात लंडनचं काही नाही.

प्रश्न: लहानपणी डासांना ‘फ्लिट मार’ म्हणायचो. ते पण बर्माशेलचंच का? (वास्को)

उत्तर: नाही, ते समोरच्या पार्टीचं! फ्लिट हे स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीचं, म्हणजे एस्सोच्या घरचं, १९२३ पासूनचं. खनिज तेलात कीटकनाशक मिसळलेलं असायचं आणि ते पिचकारीसारख्या हातपंपाने मारायचे, पुढे त्यात डीडीटीही आलं. शेलवाल्यांचं त्याला उत्तर होतं शेलटॉक्स. माळ्यावर या दोन्हींपैकी कशाचाही जुना भरलेला डबा सापडला तर मुलांच्या हाती देऊ नका, उघडू पण नका, आणि मोरीत तर अजिबात ओतू नका.

प्रश्न: १) बर्माशेल हाऊस आता काय आहे? २) आता जे शेलचे पंप दिसतात ती तीच कंपनी का? ३) बर्माशेल सिनेमे काढायची हे खरं? (विलेपार्ले)

उत्तर: बॅलार्ड इस्टेटला करीमभॉय रोडवर आहे तेच, आता भारत भवन, भारत पेट्रोलियमचं मुख्य ऑफिस. शेल ही जागतिक कंपनी तीच, पण बर्माशेलचा धंदा आणि मालमत्ता भारत पेट्रोलियमकडे गेली, त्यामुळे आजच्या पंपांचा वारसा तिथून येत नाही. शेल १९९० नंतर वंगण तेलापासून नव्याने आत आली आणि पंप २००४ पासून. बर्मा ऑइलचं म्हणाल तर तिने १९६६ मध्ये कॅस्ट्रॉल घेतली होती, २००० मध्ये दोन्हींना बीपीने विकत घेतलं आणि बर्मा हे नाव तिथे संपलं. सिनेमाचं अगदी खरं आहे, पन्नाशीच्या दशकात कॅनडाचे जेम्स बेव्हरिज इथे बर्माशेलचं फिल्म युनिट बघायचे, हरी दासगुप्ता आणि फली बिलिमोरिया यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी खेड्यांवर माहितीपट केले. त्यात कंपनीची जाहिरात कमी आणि माणसं जास्त आहेत, कुठे दाखवणार असतील तर सोडू नका.

प्रश्न: आजोबांचं संगमेश्वरला किराणा दुकान होतं. घर पाडताना बर्माशेलची जुनी लोखंडी पाटी सापडली, रंगाचे टवके उडालेत, कडेला गंज आहे. एक जण घ्यायला तयार आहे, दुसरा म्हणतो रंगवून घ्या मग जास्त पैसे येतील. काय करू? (रत्नागिरी)

उत्तर: आधी हात जोडून सांगते, रंगवू नका. या पाट्यांना लोक रंगाच्या पाट्या म्हणतात पण बहुतेक जुन्या पाट्या एनॅमलच्या असतात, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड लावून भट्टीत आठशे डिग्रीच्या आसपास भाजलेली. एकेका रंगाचा वेगळा थर आणि वेगळी भाजणी. म्हणून ती पावसात शंभर वर्षं टिकते आणि म्हणून तिचा टवका उडाला की वरून ऑइलपेंट मारून तो भरत नाही, नुसता मुखवटा चढतो आणि किंमत पडते.

अस्सल आहे का ते घरीच बघता येतं. अक्षरांच्या कडेवरून नख फिरवा, थर हाताला जाणवायला हवा. पाटी हातात जड लागते. स्क्रूच्या भोकांच्या कडेला एनॅमल आतपर्यंत गेलेलं असतं आणि गंज बहुतेक भोकांपासूनच सुरू झालेला असतो. चोरबाजारात नव्या बनवलेल्या जुन्या पाट्या भरपूर मिळतात, त्या पातळ पत्र्यावर छापलेल्या आणि गंज मुद्दाम सगळीकडे सारखा चढवलेला. तुमची तर घराच्या भिंतीतूनच निघाली आहे, त्यामुळे ती काळजी कमी.

स्वच्छ करायला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं. तारेचा काथ्या, अॅसिड, चिंच, लिंबू काही नको, चकाकी जाते. लगेच पूर्ण कोरडी करा, कोकणातल्या हवेत अर्धा दिवस ओली राहिली तरी उघड्या लोखंडाला गंज वाढतो. जिथे एनॅमल उडालंय तिथे सुटा गंज ब्रशने हलकेच झाडा आणि पातळसं मेण लावा. विकायचं का हा निर्णय तुमच्या घरचा, मला विचाराल तर ठेवा. पण विकायचीच असेल तर आजोबांचं दुकान कुठे होतं, साधारण कधीपर्यंत चाललं, पाटी कुठल्या भिंतीवर होती हे कागदावर लिहून पाटीबरोबर द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. आणि घरात लावणार असाल तर लोखंडी खिळे नकोत, पितळी स्क्रू घ्या, पाटी आणि स्क्रूच्या मध्ये रबरी वॉशर घाला आणि शेवटचे दोन फेरे हातानेच आवळा, ड्रिलने आवळलंत तर भोकाजवळचं एनॅमल तडकेल.